इंधनदाब मोजण्याची पेटी : वर्षभराच्या वापरानंतर

मोटारगाडीच्या इंजिनाला पेट्रोल किती दाबाने पोहोचते हे मोजणारे गेज, त्यासोबतची रबरी नळी आणि पितळी जोडांचा संच अशी एक प्लॅस्टिकची पेटी मी गेल्या वर्षी ऑनलाइन मागवली. पेटीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही आणि याच रूपाच्या पेट्या वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतात. ती घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘घ्यावी’ असे आहे. मात्र ती जशी येते तशी आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना जोडता येत नाही, आणि जोडता आली तरी उभ्या गाडीवरचा एकच आकडा पाहून जो निदान करील, त्याची ती हमखास फसगत करते. माझीही एकदा केली.

पेटी मागवण्याचे कारण आधी सांगतो. माझी केए २२ पासिंगची जुनी, लहान पेट्रोल गाडी बेळगाव शहरात अगदी सुरळीत चालत असे. टिळकवाडीचे रेल्वे गेट बंद असताना वीस मिनिटे उभी राहिली तरी तिची तक्रार नसे. पण गोव्याहून परतताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागले, की दुसऱ्या गिअरमध्येही पिकअप नाहीसा होई, गाडी झटके देई आणि अॅक्सिलरेटर जितका दाबावा तितकी ती अधिक मलूल होई. चढ संपून कणकुंबीचा सपाट रस्ता लागला की जणू काही झालेच नव्हते. शिवाय सकाळी पहिल्यांदा सुरू करताना सेल्फ बराच वेळ मारावा लागे. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि तीन हेलपाट्यांनंतर मला सांगण्यात आले, “पंपच गेलाय बघा, दुसरं काय नाही.” टाकीतल्या पंपाच्या पूर्ण संचाचा खर्च साडेसहा हजार सांगितला. पंप गेला हे कशावरून ठरवले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही, कारण दाब कोणी मोजलाच नव्हता. साडेसहा हजारांचा अंदाज विकत घेण्यापेक्षा दोन हजारांचे माप घेतलेले बरे, असा माझा हिशेब होता.

पेटीत ० ते १० बार आणि ० ते १४० पीएसआय (ही दोन्ही दाब मोजण्याची एकके) अशा दुहेरी मोजपट्टीचे गेज आहे. आपल्याकडचे मिस्त्री ‘किलो’मध्ये बोलतात, तो किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, जो एका बारपेक्षा दोन टक्क्यांनी कमी भरतो, त्यामुळे गॅरेजमधल्या बोलण्यात ‘तीन किलो’ म्हणजे तीन बार असे धरायला हरकत नाही. गेजभोवती रबरी कवच आहे, खाली दाब सोडण्याची कळ आहे आणि सुटलेले पेट्रोल बाटलीत घेण्यासाठी पारदर्शक नळी आहे. ही कळ पेटीतली सर्वांत उपयुक्त वस्तू आहे, कारण मोजमाप झाल्यावर दाबाखालचे पेट्रोल गरम इंजिनावर न सांडता काढून घेता येते.

गेजच्या मोजपट्टीबद्दल मात्र माझी पहिली तक्रार आहे. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ज्यांच्या इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यावर, बसवलेले असतात अशा पेट्रोल गाड्यांमध्ये दाब सर्वसाधारणपणे अडीच ते चार बार असतो, म्हणजे दहा बारांच्या तबकडीचा फक्त एक लहानसा पट्टा आपल्या कामाचा असतो आणि निदान ज्यावर ठरते तो अर्ध्या बारचा फरक काट्याच्या किंचित हालचालीत मावतो. सहा-सात बारांची तबकडी असती तर वाचन सोपे झाले असते. गेजमध्ये ग्लिसरिन नसल्यामुळे पंपाच्या स्पंदनांनी काटा थरथरतो, तोही वाचताना डोळ्यांना त्रास देतो.

हे गेज खरे बोलते का, हे पाहण्याची सोय बेळगावात राहणाऱ्याला जितकी सहज आहे तितकी फार थोड्या गावांत असेल. उद्यमबागेत फाउंड्रीइतकाच हायड्रॉलिक्सचा धंदा रुजलेला आहे आणि तिथल्या माझ्या एका परिचिताच्या वर्कशॉपमध्ये गेज पडताळण्याचे डेड वेट टेस्टर आहे. या यंत्रात ठरावीक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ठरावीक वजने ठेवतात, त्यामुळे तयार होणारा दाब दुसऱ्या कोणत्या गेजवर विसंबून नसतो. तिथे माझ्या गेजने दोन बारला २.१, तीन बारला ३.१ आणि चार बारला जवळजवळ ४.१५ दाखवले, दाब उतरवत आणल्यावर तीन बारला काटा ३.२ वर अडकला आणि काचेवर टिचकी मारल्यावर ३.१ वर आला. दोन हजारांच्या वस्तूकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. चूक सारखीच आणि एकाच बाजूला असल्यामुळे ‘०.१ वजा करा’ अशी चिठ्ठी मी मागे चिकटवली आहे. पुढे दिलेले सगळे आकडे ही वजाबाकी करूनच दिलेले आहेत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पेटीतले बहुतेक जोड इंधनाच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखे तपासणीचे तोंड असलेल्या परदेशी गाड्यांसाठी आहेत. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांच्या रेलवर असे तोंडच नसते. तिथे पेट्रोल आणणारी नळी सोडवून मध्ये तीन तोंडांचा टी जोड घालावा लागतो, आणि पेटीतला टी माझ्या गाडीच्या नळीत सैल बसत होता. साडेतीन-चार बार दाबाचे पेट्रोल सैल जोडातून फवारले जाऊन एक्झॉस्टवर पडले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. मी उद्यमबागेतल्याच एका टर्नरकडून आठ मिलिमीटरच्या नळीला घट्ट बसणारा, टोकांना खाचा असलेला पितळी टी लेथवर करून घेतला आणि इंजेक्शनच्या दाबाची नळी व चांगल्या क्लिपा वापरून जोडला. मोटारसायकलच्या कार्बोरेटरला लावतात ती पेट्रोलची साधी नळी या कामाला अजिबात चालत नाही. नव्या गाड्यांमध्ये क्लिपांऐवजी दाबून बसणारे प्लॅस्टिकचे क्विक कनेक्टर असतात, त्यांच्यासाठी त्या मापाचा टी वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे पेटीची खरी किंमत दोन हजारांपेक्षा थोडी अधिक धरावी.

वापरण्याची पद्धत सांगणारा कागद पेटीत आहे, पण त्यातून कोणाला काही कळेल असे वाटत नाही. इंजिन थंड असताना, मोकळ्या अंगणात, अग्निशामक हाताशी ठेवून काम करावे. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करावे, म्हणजे नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडते. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, जोडावर फडके गुंडाळून मगच नळी काढावी. सगळे जोडल्यावर किल्ली फक्त ऑन करावी. पंप दोन-तीन सेकंद फिरून थांबतो, तेवढ्या वेळात सगळे जोड कोरडे आहेत ना हे बोट फिरवून पाहावे आणि मगच इंजिन सुरू करावे.

माझी गाडी जुन्या पद्धतीची, म्हणजे रेलवरच दाब आवरणारा रेग्युलेटर असलेली आणि उरलेले पेट्रोल वेगळ्या नळीने टाकीत परत पाठवणारी आहे. या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूमची एक बारीक नळी येते. इंजिन मंद फिरत असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात जास्त असतो म्हणून रेलचा दाब कमी ठेवला जातो; अॅक्सिलरेटर दाबला की निर्वात नाहीसा होतो आणि दाब वाढतो, जेणेकरून इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक कायम राहावा. आयडलिंगला माझे गेज २.५ बार दाखवत होते आणि व्हॅक्यूमची नळी उपसून बोटाने बंद करताच ३ बार. पुस्तकात असावे तसे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर असल्यामुळे इथे हवेचा दाब पणजीपेक्षा सुमारे आठ-नऊ टक्के कमी असतो आणि हा अर्ध्या बारचा फरकही किंचित आकसतो, पण तो किंचितपणा टिपण्याची या गेजची कुवत नाही. उपसलेल्या नळीला पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे रेग्युलेटरचा पडदाही फाटलेला नव्हता.

माझी फसगत झाली ती इथे. आकडे बरोबर आले म्हणून मी पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर या तिघांनाही निर्दोष ठरवले आणि पुढचे पंधरा दिवस इग्निशन कॉइलच्या मागे लागलो. आयडलिंगला इंजिन पेट्रोलचे केवळ थेंब पिते. पंप अर्धमेला असला तरी तेवढ्या मागणीला तो पुरून उरतो आणि रेग्युलेटर दाब अचूक ठेवतो. खरी मागणी चढावर असते. तेव्हा गेज चढावर न्यायला हवे होते. त्यासाठी चोर्ल्यापर्यंत जाण्याची गरज नव्हती. काकतीच्या पुढचा वंटमुरी घाट पुरेसा आहे. पेटीतली नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने वायपरखाली बांधण्याइतकी लांब आहे, आणि याचे श्रेय बनवणाऱ्याला दिले पाहिजे. पेट्रोलने भरलेली नळी कोणत्याही परिस्थितीत गाडीच्या आत आणू नये. भाच्याने गाडी चालवली आणि मी शेजारी बसून काटा पाहिला. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटरवर जिथे ३ बार हवे होते तिथे काटा हळूहळू उतरत २ बारवर आला, आणि पहिला झटका बसला तो नेमका त्याच क्षणी. जे तीन हेलपाट्यांत कळले नव्हते ते घाटाच्या एका चढात काचेपलीकडे दिसले.

दाब कमी पडतो एवढे गेज सांगते. का पडतो हे सांगणे त्याचे काम नाही. सर्वांत स्वस्त संशयित फिल्टर असल्यामुळे तो आधी बदलला. काढलेला फिल्टर उलटा करून झटकल्यावर लालसर काळे पाणी निघाले, तरीही चढावरचा आकडा फक्त २.३ पर्यंत सुधारला. यानंतर मी पंप बदलण्याच्या बेतात होतो, पण शहापुरातल्या एका वायरमनने मागची सीट उचलून आधी मल्टिमीटर लावायला सांगितले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंपाच्या दोन टोकांमध्ये फक्त ९.६. पॉझिटिव्ह बाजूला ०.६ व्होल्टची गळती होती, ती या वयाच्या गाडीला माफ करण्यासारखी, उरलेले ३.६ व्होल्ट अर्थच्या, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या निगेटिव्ह बाजूला नाहीसे होत होते. त्याने मीटरकडे पाहून निकाल दिला, “पंप चलो ऐति, अर्थ सरी इल्ल.” पंप ठीक आहे, अर्थ ठीक नाही, हे समजायला बेळगावकराला दुभाषा लागत नाही. गाडी पावसाळ्यात खानापूर आणि जांबोटीच्या लाल चिखलातून सतत फिरते. बॉडीला जिथे अर्थची वायर स्क्रूने बसवलेली असते तिथे गंज चढून तो जोड नावापुरता उरला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करून, वायरीच्या टोकाला नवा लग दाबून बसवून, वर ग्रीस लावून जोड पुन्हा बसवला. पंपावर १३ व्होल्ट आले आणि वंटमुरीच्या त्याच चढावर काटा ३ बारवरून हलला नाही. मजुरी दोनशे रुपये.

कमी व्होल्टेजवर पंप फिरतो, आवाजही करतो, त्यामुळे ‘पंपाचा आवाज येतो म्हणजे पंप ठीक’ आणि ‘दाब कमी म्हणजे पंप खराब’ ही दोन्ही अनुमाने सारखीच घाईची आहेत. या पेटीसोबत मल्टिमीटर नसेल तर ती अर्धीच आहे असे माझे मत झाले आहे.

सकाळच्या लांबलेल्या सेल्फचा उलगडाही याच गेजने केला, आणि त्यासाठी गाडी हलवावीही लागली नाही. इंजिन बंद केल्यावर नळीतला दाब बराच वेळ टिकून राहायला हवा. माझ्या गाडीत तो पाच मिनिटांत तीनवरून अर्ध्या बारखाली उतरत होता. पेट्रोल तीन वाटांनी निसटू शकते : इंजेक्टर टपकून इंजिनात, रेग्युलेटरमधून परतीच्या नळीत, किंवा पंपातल्या उलटझडपेतून मागे टाकीत. परतीची रबरी नळी चिमटली तरी दाब पडतच राहिला. टाकीकडून येणारी नळी गेजच्या अलीकडे चिमटली तेव्हा मात्र काटा स्थिर राहिला, म्हणजे झडप गळकी. नळी चिमटण्याचा गुळगुळीत जबड्याचा क्लॅम्प पेटीत नाही, आणि साध्या पकडीने चिमटल्यास जुनी नळी तडकते, म्हणून तो वेगळा घ्यावा. उलट परतीची नळी चिमटून इंजिन चालू ठेवण्याचा प्रयोग, ज्यात पंपाचा कमाल दाब कळतो, एक-दोन सेकंदांच्या वर करू नये. दाब झपाट्याने दुप्पट होतो आणि जुने जोड तिथेच हार मानतात.

वर्षभरात या पेटीसाठी आणखी तिघांच्या गाड्या माझ्याकडे आल्या. निपाणीच्या मेहुण्यांची केए २३ ची गाडी काळा धूर सोडत होती आणि मायलेज घसरले होते. आयडलिंगलाच ३ बार, व्हॅक्यूमची नळी काढली तरी काटा जागचा हलेना, आणि पाहिले तर ती नळी मॅनिफोल्डच्या तोंडाशी उभी चिरलेली. वीतभर नळीने काम झाले. भाच्याच्या नव्या गाडीत इंजिनाच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरने पी०१७१ हा कोड दाखवला होता. तो कोड मिश्रणात पेट्रोल कमी आहे एवढेच सांगतो. पेट्रोल खरोखर कमी येते की कुठून तरी जादा हवा शिरते हे सांगत नाही. नव्या गाड्यांमध्ये परतीची नळी नसते, रेग्युलेटर टाकीतच असतो आणि दाब आयडलिंगला व चढावर सारखाच राहायला हवा, त्यामुळे तिथे व्हॅक्यूमची नळी शोधत बसू नये; त्या गाडीच्या पुस्तकातला आकडा आणि गेजचा आकडा जुळला, आणि दोष हवेच्या फाटक्या पाइपात निघाला.

तिसरी गाडी मी परत पाठवली. शेजारच्या काकांची डिझेल जीप होती आणि “एवढं बघ की लावून” असा त्यांचा आग्रह होता. कॉमन रेल डिझेलमध्ये रेलचा दाब हजार ते दोन हजार बारच्या घरात असतो आणि त्या फवाऱ्याने कातडी भेदून डिझेल शरीरात शिरते. तिथे दहा बारचे गेज नेण्याचा विचारसुद्धा करू नये. ज्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते त्यांच्या उच्च दाबाच्या बाजूलाही हाच निषेध लागू आहे. दुसऱ्या टोकाला, कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत दाब पाव बारच्या आसपास असतो आणि या तबकडीवर तो शून्यापासून वेगळा ओळखू येणार नाही.

टिकाऊपणाबद्दल थोडे सांगायचे राहिले. आठव्या महिन्यात दाब सोडण्याच्या कळेतून पेट्रोल झिरपू लागले. उघडून पाहिले तर आतली ओ-रिंग (गळती अडवणारे रबरी कडे) फुगून मऊ झाली होती. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि साध्या रबराला ते मानवत नाही; उद्यमबागेतल्या सीलच्या दुकानातून त्याच मापाची, इंधनाला टिकणाऱ्या व्हायटन रबराची ओ-रिंग आणून बसवल्यापासून कळ कोरडी आहे. खरेदी केल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या ओ-रिंगा बदलून टाकाव्यात, आणि प्रत्येक वापरानंतर नळीतले पेट्रोल काढून ती टांगून वाळवावी. पेटीचे कुलूप तिसऱ्या महिन्यातच तुटले, ते मी सुतळीने बांधतो.

पंपाची गळकी उलटझडप मी अजून बदललेली नाही. सकाळी किल्ली ऑन करून तीन सेकंद थांबतो, बंद करतो, पुन्हा ऑन करतो. गेजने दाखवले होते की दुसऱ्या खेपेला दाब ३ बारवर पोहोचतो, आणि मग गाडी अर्ध्या सेल्फवर सुरू होते.